भोंग्याची डुलकी

दर सोमवारी सकाळी साडेआठ वाजता भोंगा चाळीस माणसांसमोर उभा राहायचा आणि आपल्याला डुलकी कशी लागली ते सांगायचा.

सांगायचा मात्र झकास. काँक्रीटच्या प्लांटमागे एक लांबट पत्र्याचा हॉल होता. पूर्वी त्यात सिमेंटची पोती ठेवत, आता ड्रायव्हर ठेवत. पोती आणि ड्रायव्हर यांच्यात फरक एवढाच की पोती जांभया देत नाहीत. पण भोंगा काठी टेकत पुढे आला की जांभया थांबत.

त्याला भोंगा म्हणत, कारण बावीस वर्षं काँक्रीटचा मिक्सर चालवताना त्याने हॉर्न वाजवलेला कोणी ऐकला नव्हता. हॉर्न म्हणजे आळशी माणसाचा ब्रेक, असं त्याचं मत होतं. बावीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. आणि मग तेविसाव्या वर्षी एकदम पंचवीस टनांची गाडी उड्डाणपुलाच्या कठड्यावर आडवी.

"दोन वाजून दहा मिनिटांनी माझी गाडी गेटबाहेर पडली," भोंगा सांगायचा. "पोटात सहा घनमीटर माल. ड्रम फिरतोय. पुढे एका इमारतीचा स्लॅब चालू आहे, माणसं वाट बघतायत. दोन वाजून अडतीस मिनिटांनी मी उड्डाणपुलाच्या उताराला लागलो. आणि माझा डोळा लागला. किती वेळ? एक... दोन... तीन..."

तीननंतर तो काठी जमिनीवर आपटायचा. पुढच्या रांगेतला कोणीतरी दचकायचाच.

काठी आपटायची कल्पना सेफ्टीसाहेबांची. वेळाही त्यांच्याच. त्या त्यांनी गेटच्या रजिस्टरातून आणि पोलिसांच्या कागदातून शोधून काढल्या होत्या. "दुपारी अपघात झाला म्हटलं की माणूस नुसती मान डोलावतो," ते म्हणत. "दोन अडतीस म्हटलं की हादरतो." सेफ्टीसाहेब हा मूळचा नाटकातला माणूस चुकून हेल्मेट घालून आला होता. चालताना पाय जरा जास्त ओढा, असंही त्यांनी एकदा सुचवलं होतं. भोंग्याने सांगितलं की साहेब, याहून जास्त ओढला तर तो मागे राहील.

त्याचं भाषण गाजलं. त्याचा व्हिडिओ निघाला. प्लांटच्या भिंतीवर बोर्ड लागला, त्यावर भोंग्याचा फोटो आणि खाली 'तीन सेकंद'. फोटोसाठी त्याला डोळे मिटायला सांगितलं होतं. बावीस वर्षं डोळे उघडे ठेवल्याबद्दल त्याचा कुणी फोटो काढला नव्हता.

या सगळ्यात अडचण फक्त एकच होती. भोंग्याला स्वतःला यातलं काहीही आठवत नव्हतं.

त्या दिवशी जेवणाचा डबा नळावर धुतला, इथपर्यंत त्याला स्वच्छ आठवत होतं. डब्याचं झाकण घट्ट बसत नव्हतं, हेसुद्धा. त्यानंतर एकदम हॉस्पिटलचं छत आणि त्यावरचा पंखा. मधले तीन दिवस कोणीतरी कात्रीने कापून नेल्यासारखे. डोक्याला मार, दोन बरगड्या, डावी मांडी आणि खुबा. मांडीत सळई. डॉक्टर म्हणाले, आठवणी परत येतीलही, नाही येणार असंही होईल. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं, पण त्यांनी ते इभ्रतीने सांगितलं.

मधला भाग मेस्त्रीने भरून दिला.

मेस्त्री म्हणजे प्लांटच्या वर्कशॉपचा मुख्य. एकोणीस वर्षांची दोस्ती. अपघाताची बातमी प्लांटवर आली तेव्हा स्कूटरला पहार बांधून सगळ्यांच्या आधी पोचला तो मेस्त्री. दबलेलं केबिन त्याने पहारेने फाकवलं, स्वतःचा पट्टा काढून भोंग्याच्या मांडीला आवळला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत एका हाताने पट्टा आणि दुसऱ्या हाताने पँट धरून बसला. दहा मिनिटं उशीर झाला असता तर पाय गेला होता, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून भोंगा गमतीने म्हणायचा, की पाय मेस्त्रीचाच आहे, मी नुसता वापरतो.

हॉस्पिटलमध्ये मेस्त्री रोज यायचा. एकही दिवस चुकला नाही. खुर्ची ओढून अगदी तोंडाजवळ बसायचा आणि विचारायचा, "काय रे, काही आठवतंय?"

"नाही रे."

"नको ताण देऊ. आठवून तरी काय करायचंय?"

एके दिवशी भोंग्यानेच विचारलं, "पण झालं काय होतं?"

मेस्त्रीने खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाला, "तूच म्हणालास. मी तुला बाहेर ओढला, तर माझा हात घट्ट धरलास आणि म्हणालास, डोळा लागला रे."

संपलं. दुसऱ्याने केलेला आरोप असता तर भोंगा भांडला असता. स्वतःच दिलेल्या कबुलीशी माणूस भांडणार कसा? गाडीची तपासणी झाली, ती मेस्त्रीनेच केली, कारण ब्रेकमधलं त्याच्याइतकं कळणारा दुसरा कोणी प्लांटवर नव्हता. अहवालात लिहिलं, वाहन सुस्थितीत होतं.

मग घरात भोंग्याच्या झोपेची मोजदाद सुरू झाली. डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून एक रात्र तपासणी केली. काहीच सापडलं नाही, म्हणून आणखी एकदा केली. बायको स्वयंपाकघरातून दर पंधरा मिनिटांनी हाक मारायची, "अहो, जागे आहात ना?"

"आहे."

"मग बोलत का नाही?"

"कोणाशी बोलू? तू आत आहेस."

"काहीतरी गुणगुणत बसा. मला कळेल तरी."

बावीस वर्षं हॉर्न न वाजवलेला माणूस आता स्वतःच्या घरात हॉर्न होऊन बसला. मुलगी दहा महिन्यांच्या नातीला घेऊन यायची, तेव्हा नात आजोबांच्या मांडीवर ठेवली जायची, पण दोन्ही बाजूंना एकेक बाई बसवून. एकदा त्याने डोळ्यात गेलेली पापणी काढायला डोळा मिटला, तर दोघी एकदम उठल्या. नातीला तो खेळ वाटला, ती खिदळली. भोंगाही हसला. पण त्या दिवसानंतर त्याने तिला मागितलं नाही. त्याचाच स्वतःवर भरवसा उरला नव्हता. साधी स्कूटर काढायची म्हटलं तरी आधी दोन्ही कान पिळून बघायचा.

आता येत्या गुरुवारी त्याला परवाना कार्यालयाच्या वैद्यकीय मंडळापुढे जायचं होतं. अवजड गाडी पुन्हा चालवायला द्यायची की नाही, ते तिथे ठरणार होतं. पाय सुधारतो आहे, असं हाडाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. प्रश्न झोपेचा होता. परवाना मिळाला तर कंपनी आधी प्लांटच्या आवारात आणि मग हळूहळू रस्त्यावर गाडी देणार होती. नाही मिळाला तर जन्मभर सोमवार. जमिनीपासून सहा फूट उंचीवरून जग बघायची सवय असलेल्या माणसाला बाकावरून ते बघवत नव्हतं.

त्या आठवड्याच्या सोमवारी हॉलमध्ये दुसऱ्या एका प्लांटचे ड्रायव्हर आले होते. भाषणाची कीर्ती तिथवर गेली होती. तिसऱ्या रांगेत काडी बसला होता.

काडी म्हणजे भोंग्याचा जुना जोडीदार. एकाच गाडीवर दोघे. सकाळची पाळी काडीची, दुपारची भोंग्याची. अपघाताच्या दिवशीच काडी सुट्टीवर गेला, परत आला तो थोड्याच दिवसांत नोकरी बदलून निघून गेला. अंगाने असा की सीटबेल्ट लावला तर बेल्टच दिसायचा.

भाषण झालं, काठी आपटली, टाळ्या झाल्या. भोंगा नळावर पाणी प्यायला गेला, तर काडी तिथे उभा. चेहरा पडलेला.

"काय रे, घाबरलास का? काठी साहेबांची आयडिया आहे."

"दादा, ती वेळ कोणी दिली तुम्हाला?"

"कसली?"

"दोन दहा. गाडी गेटबाहेर पडली ती."

"सेफ्टीसाहेबांनी. गेटच्या रजिस्टरातली आहे."

"म्हणजे खरी?"

"सगळ्या भाषणात तेवढंच खात्रीचं आहे. बाकीचं मी सांगतो."

काडीने इकडेतिकडे बघितलं. "मग मी बांधलेल्या फडक्याचं काय झालं?"

भोंग्याने ग्लास खाली ठेवला.

हे फडकं प्रकरण ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. ऑफिसात वही होती. गाडीत बिघाड दिसला की ड्रायव्हरने वहीत लिहायचं, वही वर जायची, वरून सही होऊन खाली यायची, तोवर गाडी चार खेपा करून यायची. म्हणून ड्रायव्हरांनी आपसात एक सोपी रीत ठेवली होती. बिघाड दिसला की स्टिअरिंगला फडकं बांधायचं. ते फडकं फक्त मेस्त्रीने सोडायचं, काम झाल्यावर, स्वतःच्या हाताने. फडकं असेल तर मालकाचा बाप आला तरी चावी फिरवायची नाही. नसेल तर बेधडक बसायचं, काही विचारायचं नाही. वीस वर्षांत ही रीत कोणी मोडली नव्हती, कारण ती कुठे लिहिलेली नव्हती.

"पावणेदोनला बांधलं मी," काडी म्हणाला. "मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकला हवा सुटत होती. पेडल दाबलं की फुस्स. मेस्त्रीला तोंडीसुद्धा सांगितलं. तो म्हणाला, जा तू, बघतो. मला बस गाठायची होती, गेलो."

"मग?"

"मग आठ दिवसांनी कळलं. मी लगेच मेस्त्रीला फोन लावला. म्हटलं, ब्रेक गेला का? तर म्हणाला, छे, दोन तास खपून नवीन टाकला, साडेचारला गाडी सोडली, भोंग्याला झोप लागली, तो स्वतःच बोलला. मी म्हटलं, असेल. मेस्त्री कशाला खोटं बोलेल?"

दोघे नळाकडे बघत उभे राहिले. नळ गळत होता.

हिशोब करायला दोघांपैकी कोणालाही कागद लागणार नव्हता. ते काम म्हणजे गाडीखाली झोपून निदान दीड तास. पावणेदोन ते दोन दहा म्हणजे पंचवीस मिनिटं. त्यातली दहा माल भरायला गेली. उरलेल्या पंधरा मिनिटांत मेस्त्रीचा चहासुद्धा होत नसे.

"दादा," काडी हळूच म्हणाला, "तुम्ही झोपला नव्हता हो."

"मंडळापुढे येऊन सांगशील?"

काडीने मान खाली घातली. "नवीन नोकरी आहे, दादा. आणि मी फडकं बांधलं एवढंच सांगू शकतो. सोडलं कोणी, ते मी कुठे पाहिलं?"

तेही खरंच होतं. पाहणारा एकच होता.

मंगळवारी भोंगा वर्कशॉपमध्ये गेला. मेस्त्री एका गाडीखाली होता, बाहेर फक्त बूट दिसत होते. भोंगा जवळच्या जुन्या टायरवर बसला.

"मेस्त्री."

"बोल. एकोणीसचा पाना दे आधी."

भोंग्याने पाना दिला. "काडी आला होता काल."

खालचा खडखडाट थांबला. "कोण काडी?"

"कोण काडी काय! त्याच्या लग्नात तू तीनदा जेवलास."

बूट जरा वेळ तसेच राहिले. मग मेस्त्री पाठीवर सरकत बाहेर आला. कपाळावर ग्रीस, हातात पाना. उठला नाही, तसाच पडून राहिला.

"फडकं कोणी सोडलं?" भोंग्याने विचारलं.

मेस्त्रीने खोटं बोलायला तोंड उघडलं, तेवढं भोंग्याला दिसलं. मग ते मिटलं.

"स्लॅब चालू होता रे. तुझ्या आधीच्या दोन गाड्या रस्त्यात अडकलेल्या. पंप रिकामा. ऑफिसातून मिनिटाला फोन, गाडी सोड, गाडी सोड. म्हटलं, एक खेप जाऊन येऊ दे. आला की चाक खोलतो."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर नेली असतीस?"

"नाही."

"म्हणून तर."

त्याने ते अगदी सरळपणे सांगितलं. मग भोंग्याने सोमवारपासून मनात धरलेला प्रश्न विचारला.

"आणि मी काय बोललो होतो? बाहेर काढलंस तेव्हा?"

मेस्त्री पान्यावरचं ग्रीस पुसायला लागला.

"डोळा लागला रे, असं म्हणालो होतो का?"

"नाही."

"मग?"

"'ब्रेक' म्हणालास." मेस्त्रीने पाना छातीवर ठेवला. "दोनदा."

शेजारी कोणीतरी गाडी सुरू केली, मग बंद केली.

"हॉस्पिटलात रोज येत होतास," भोंगा म्हणाला. "मला बघायला यायचास, की मला काही आठवतंय का ते बघायला?"

"दोन्ही रे," मेस्त्री म्हणाला. "खरंच सांगतो, दोन्ही. पहिले दोन दिवस म्हटलं, हा शुद्धीवर आला की सगळं बाहेर येणार. तुला काहीच आठवेना. मग वाटलं, तू तर आधीच आडवा झालायस, मी उभा आहे, तर उगाच दोघांनी कशाला आडवं व्हायचं? तुला काय, थोडी डुलकी. मी तर आत गेलो असतो."

"थोडी डुलकी! माझी नात माझ्याकडे पोलीस बंदोबस्तात येते."

मेस्त्री रडायला लागला. गाडीखालून निम्मा बाहेर आलेला पन्नाशीचा माणूस पाठीवर पडून रडतो तेव्हा अश्रू कानात जातात आणि तो आणखीच केविलवाणा दिसतो. शेवटी भोंग्यालाच त्याची समजूत घालावी लागली. आपल्याला ज्याने फसवलं त्याच्यासाठी आपणच रुमाल शोधतो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं, पण तोवर रुमाल देऊन झाला होता.

"हे बघ," भोंगा म्हणाला, "पोलीस नको, कंपनी नको. गुरुवारी माझ्याबरोबर मंडळापुढे ये आणि एवढंच सांग, की मी झोपलो नव्हतो. ब्रेक गेला होता. गाडी जुनी झालीय, जातो ब्रेक. फडक्याचं नावही काढू नकोस. आणि तिथून खाली उतरल्यावर माझ्या बायकोलाही सांग. मी सांगितलं तर म्हणेल, डोक्याचा मार."

"सांगतो."

"नक्की?"

"आईशप्पथ. तुझ्यासाठी एवढं नाही करणार?"

भोंग्याने घरी बायकोला काहीच सांगितलं नाही. गुरुवारी मेस्त्री येणार आहे, एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "देवमाणूस आहे." भोंग्याने वर्तमानपत्र जरा वर धरलं. दोन दिवस तो कान न पिळता हिंडला. बुधवारी दुपारी तर खुर्चीत बसल्या बसल्या मुद्दाम डोळे मिटून बघितले. मिटलेले डोळे आणि झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला आठ महिन्यांनी पुन्हा समजलं.

परवाना कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. पायांची तपासणी करणारं मंडळ इतक्या वर ठेवल्यामुळे निम्मी तपासणी जिन्यातच होऊन जाई. बायकोचे गुडघे दुखत होते, ती खाली पायऱ्यांसमोरच्या बाकावर बसली. मेस्त्री वेळेआधीच आला होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. भोंग्याचा हात आपल्या खांद्यावर घेऊन त्याने त्याला अलगद वर चढवलं. प्रत्येक वळणावर थांबला, "दम खा," म्हणाला.

आत टेबलामागे तिघे. मधे डॉक्टरीणबाई, एका बाजूला परवाना अधिकारी, दुसऱ्या बाजूला कारकून. बाईंनी पाय तपासला, डोळे तपासले, तारांच्या तपासणीचे दोन्ही कागद वाचले.

"यात तर काहीच नाही," त्या म्हणाल्या. "गाडी चालवताना कधी झोप लागलीय?"

"नाही, मॅडम."

बाईंनी वर बघितलं. मग समोरचा संगणक त्याच्याकडे वळवला. पडद्यावर भोंगा होता. काठी टेकून उभा. त्यांनी आवाज वाढवला. "...आणि माझा डोळा लागला. किती वेळ? एक... दोन... तीन..."

काठी आपटली. कारकून दचकला.

"हे तुम्हीच ना?"

"मीच. पण ते बोलणं माझं नाही."

"मग कोणाचं?"

"मला सांगितलेलं मी सांगत होतो. मला काही आठवत नाही, मॅडम. ब्रेक गेला होता."

"ब्रेकची तक्रार कुठे नोंदवली होती?" अधिकाऱ्याने विचारलं.

भोंग्याने दाराकडे हात केला. फडक्याला पान क्रमांक नसतो. "ज्याने मला गाडीतून बाहेर काढलं तो आलाय, साहेब. बाहेर बसलाय. त्याला विचारा. गाडीही तोच बघायचा."

मेस्त्रीला आत बोलावलं. तो हात जोडून उभा राहिला. अधिकाऱ्याने आधी त्याचा हुद्दा विचारला, नोकरीची वर्षं विचारली, आणि मग अगदी सहज, कागद चाळत विचारलं, "या गाडीच्या तपासणीच्या अहवालावर सही तुमचीच ना? ब्रेक सुस्थितीत, असं लिहिलंय."

मेस्त्रीने अहवालाकडे बघितलं. मग भोंग्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी खरं होतं. तिथेच भोंग्याला कळलं.

"साहेब, हा माझा भाऊ आहे म्हणा," मेस्त्री म्हणाला. "एकोणीस वर्षांचा. याचं वाईट व्हावं असं मला स्वप्नातसुद्धा वाटणार नाही. पण डोक्याला मार लागल्यापासून त्याचं असं होतं. विसरतो. मग आठवल्यासारखं करतो. कधी ब्रेक म्हणतो, कधी आणखी काही. मी रागावत नाही त्याच्यावर. त्याला बाहेर काढला, तेव्हा माझा हात धरून स्वतः म्हणाला होता, साहेब. डोळा लागला रे." त्याने स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरून दाखवला. "असा धरला होता."

इतकं सुंदर सांगितलं त्याने, की क्षणभर भोंग्याला स्वतःला तो हात आठवल्यासारखा वाटला. सेफ्टीसाहेबांनी उगाच सोमवार भोंग्याला दिले होते.

"परवा मला वर्कशॉपमध्ये काय म्हणालास?" भोंग्याने विचारलं.

"बघा," मेस्त्री बाईंना म्हणाला. अगदी हळू, कोणी झोपलेलं उठू नये अशा आवाजात.

बाईंनी कागदावर लिहिलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी लिहिण्याआधी पेन दोनदा उघडलं आणि मिटलं. झोपेच्या तपासण्या स्वच्छ होत्या, पण त्याची कबुली व्हिडिओत होती, साक्षीदार रडत होता, आणि आता तर स्मृतीचाच प्रश्न उभा राहिला होता. अवजड वाहन, नाही. स्कूटरसाठीसुद्धा सहा महिन्यांनी पुन्हा या, असं त्यांनी खाली जोडलं. मघापर्यंत स्कूटरबद्दल कोणी बोललंही नव्हतं.

बाहेर आल्यावर मेस्त्रीने सवयीने खांदा पुढे केला. "चल. हळूहळू. सही माझी होती रे, मी काय करणार होतो? तुला परवाना नाही मिळाला तरी साहेबांना सांगून मी तुला वर्कशॉपमध्ये..."

भोंग्याने त्याचा खांदा बघितला, मग जिना बघितला. जिन्याला कठडा एकाच बाजूला होता, आणि तो नेमका उजव्या हाताला. काठीही उजव्याच हातात. दोन्ही एकाच हाताने धरून डावा पाय खाली टाकायचा म्हणजे सरळ तोंडावर पडणं. त्याने काठी काखेत मारली, खाली बसला, आणि पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर बसल्या बसल्या सरकला.

"अरे, हे काय करतोस? ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत."

"कपडे खराब होतायत."

भोंगा सरकला. वर येणाऱ्या दोन बायका भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. एक माणूस मदतीला वाकला, मागे मेस्त्रीला बघून त्याला वाटलं की याचं माणूस बरोबर आहे, तो निघून गेला. मेस्त्री एक पायरी मागे, हात पुढे करून, पडलाच तर झेलायच्या तयारीत. भोंग्याची खात्री होती की पडलो तर हा नक्की झेलेल. तेच जास्त लागत होतं.

शेवटच्या वळणावर खालचा बाक दिसायला लागला. बायको उठून जिन्याच्या तोंडाशी आली. नवरा बसून उतरतोय, मागे मेस्त्री, हे बघून तिचा हात तोंडावर गेला.

"अहो! काय झालं? भाऊजी, काय झालं वर?"

भोंगा थांबला. "सांग," तो मागे न बघता म्हणाला. "खाली आल्यावर तिला सांगणार होतास ना. सांग."

मेस्त्रीने घसा खाकरला.

"वहिनी, तुम्ही आधी शांत व्हा," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाल्या, डोक्याचा मार आहे. वेळ लागतो. आत जरा गोंधळला तो, बोलायला नको ते बोलला. मी सांभाळून घेतलं. आता त्याला एकटं सोडायचं नाही, बस. मी आहे."

बायको त्याच्याकडे बघत होती. मग तिने खाली नवऱ्याकडे बघितलं. तो रडत नव्हता, गोंधळलेलाही दिसत नव्हता. बाहेरच्या रस्त्यावरच्या गाड्यांकडे एकटक बघत होता, पापणी न लववता.

"अहो," ती म्हणाली, "खरं आहे का हे?"

"नाही."

"मग खरं काय?"

"सांगतो," भोंगा म्हणाला आणि हात टेकून पुढच्या पायरीवर सरकला. "त्याला जाऊ दे आधी. तू वर येऊ नकोस, गुडघे दुखतील. सातच राहिल्यात."

मेस्त्री मागे तसाच उभा होता. त्याने अजून हात पुढेच धरले होते.